अस्सल बरहुकूम

नक्कल शाखेत वर्षानुवर्षं बसलं की माणसाचा स्वभाव बिघडतो. माझा मुळातच फारसा बरा नव्हता, त्यामुळे बिघडायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच्या लिहिण्यात चूक दिसली की माझं डोकं फिरायचं, मग ती चूक सातबाऱ्यातली असो, लग्नपत्रिकेतली असो, नाहीतर किराणा दुकानाच्या पाटीवरची. चंद्रपूरच्या आमच्या सरकारी कचेरीत लोक मला पाठीमागे 'खोडरबर बाई' म्हणत. मला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं.

गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. एकत्र जिल्ह्याचं दप्तर वाटून द्यायचं काम आमच्या डोक्यावर बसलं होतं. ज्या कागदांची वाटणी होऊ शकत नव्हती त्यांच्या नकला करायच्या, गठ्ठेच्या गठ्ठे. एकाने नक्कल लिहायची. मग दोघांनी समोरासमोर बसायचं, एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने नकलेवरून बोट फिरवत जायचं. याला आम्ही रुजवात म्हणत असू. रुजवात झाली की खाली लिहायचं 'अस्सल बरहुकूम', म्हणजे मुळात आहे तसंच, आणि त्याखाली दोन सह्या. एक नक्कल करणाऱ्याची, एक रुजवात घेणाऱ्याची. दुसरी सही नसलेली नक्कल मी हातात धरत नसे.

त्याच सुमारास आईची नजर जायला लागली. एका डोळ्याचं ऑपरेशन साधलं नव्हतं आणि दुसरा हळूहळू विझत होता. आई तशी कुरकुर करणारी बाई नव्हती. पण एक दिवस तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "मले एकदा गाव पाह्यचं हाये. दिसते तवरी."

गाव म्हणजे कुठलं, हे तिलाच माहीत नव्हतं. ती मिशनमध्ये वाढली. मानमोडीच्या साथीत तिचे आईबाप गेले, आणि कुणीतरी तिला जंगलातून चालवत चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, मिशनमध्ये आणून सोडलं, तेव्हा ती चारपाच वर्षांची असेल. कडेवर धाकटा भाऊ होता. तिच्या आठवणीत एवढंच उरलं होतं, की मोठा तलाव होता, तलावावर वाकलेलं उंबराचं झाड होतं, आणि बाप डोंग्यात उभा राहून जाळं फेकायचा. बापाचं नावही तिला ठाऊक नव्हतं. त्या वयात त्याला ती नुसतं 'बा' म्हणायची. पुढं बाप्तिस्मा झाला, शाळा झाली, मिशनच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरशी लग्न झालं, म्हणजे माझ्या वडिलांशी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती.

तो कडेवरचा भाऊ म्हणजे माझा मामा. आईला तो 'बाई' म्हणायचा. माजरीच्या कोळसा खाणीत त्याची सगळी नोकरी गेली. मामी लवकर वारली, मूलबाळ झालं नाही. निवृत्त झाल्यावरही तो माजरीतच एका खोलीत राहायचा, आणि दर नाताळला आईसाठी साडी घेऊन यायचा. रंगाची पारख त्याला अजिबात नव्हती. कधी भडक हिरवी, कधी वांगी रंगाची. आई ती साडी त्याच दिवशी नेसायची आणि दिवसभर मिरवायची. आईचं माहेर म्हणजे तेवढं. लग्नात माझ्या वडिलांचा कान पिळायलाही मामाच उभा होता. तो बुजत होता म्हणून शाळेच्या गुरुजींनी त्याला पाठीत हात घालून पुढं ढकललं होतं, ही गोष्ट आई आम्हाला पुन्हा पुन्हा सांगायची.

आईला मी म्हटलं, गाव कागदावर असेलच, बाप्तिस्म्याच्या नोंदीत लिहितात. एका रविवारी उपासनेनंतर मी पाळकांना गाठलं. ते तरुण होते, नव्यानेच आले होते. जुन्या नोंदींबद्दल कुणी विचारतंय याचंच त्यांना अप्रूप वाटलं. त्यांनी कपाटातून एक जाडजूड बांधीव वही काढली. मूळ नोंदवह्यांना फार पूर्वी वाळवी लागली, तेव्हा शाळेच्या गुरुजींनी सगळ्या नोंदी या वहीत उतरून काढल्या, असं त्यांनी सांगितलं. मुळातलं जे काही उरलं होतं ते एका पत्र्याच्या पेटीत होतं, आणि ती पेटी कुणी उघडत नव्हतं.

गुरुजी म्हणजे तेच, मामाला पुढं ढकलणारे. आई आणि मामा दोघंही त्यांच्या हाताखाली शिकली होती. अक्षर देखणं होतं. नोंदी इंग्रजीत होत्या, पण प्रत्येक पानाच्या तळाशी गुरुजींनी मराठीत लिहिलं होतं, अस्सल बरहुकूम, आणि खाली सही. सही एकच. रुजवात घेणाऱ्याची सही एकाही पानावर नव्हती, आणि मला तिथंच पहिली शंका आली. दुसरी शंका वहीच्या स्वच्छपणाची. मूळ वही वर्षानुवर्षं भरली जाते. शाई बदलते, लिहिणारा बदलतो, कुठं डाग पडतो, कुठं घाईत नाव अर्धंच राहतं. इथं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच शाई, एकच अक्षर, कुठंही 'वाचता येत नाही' असा शेरा नाही. वाळवी लागलेल्या कागदावरून उतरवलेली वही इतकी धडधाकट कशी, असं मी पाळकांना जरा आवाज चढवूनच विचारलं. त्यांनी बिचाऱ्यांनी मला चहा दिला.

एक गोष्ट मात्र मला आवडली. मुळात समासात जे शेरे असतील तेही गुरुजींनी सोडले नव्हते. ज्या नोंदीला शेरा असेल तिच्याखाली जास्त जागा ठेवून त्यांनी तो बारीक अक्षरात लिहिला होता. हा नागपूरला गेला, हिचं लग्न झालं, हा पळून गेला. शेरे गाळणारे नक्कलनवीस मी खूप पाहिले होते.

आईची नोंद सापडली. मुलगी, वय अंदाजे पाच. बापाचं नाव होतं, धंदा मासेमारी, आणि गावाचं नाव होतं. गाव कुरखेड्याच्या पलीकडचं. लगेच खालच्या ओळीत तिचा भाऊ, वय अंदाजे दीड, बाप तोच, गाव तेच. मी घरी येऊन आईला बापाचं नाव सांगितलं. ती चुलीपुढं बसली होती. तिने ते नाव तोंडातल्या तोंडात पुष्कळदा म्हटलं. माजरीहून मामा आला तेव्हा तिने त्याला आत यायच्या आधी दारातच ते सांगितलं. मामा तिथंच पायरीवर बसला आणि डोळे पुसू लागला. सत्तरीकडे झुकलेली दोन माणसं बापाचं नाव आज कळलं म्हणून एकमेकांकडे बघत होती, आणि माझ्या जन्मात मी लोकांना दिलेल्या सगळ्या नकलांपेक्षा मला ही एक मोठी वाटली.

पण गुरुजींच्या वहीत मला आणखीही काही दिसलं होतं, आणि ते मी तेव्हा हसण्यावारी नेलं. काही पानांनंतर मामाच्याच नावाचा मुलगा पुन्हा बाप्तिस्मा घेत होता. वय अंदाजे दोन, आईबाप अज्ञात, गाव धानोऱ्याकडचं. आणि वहीच्या मागच्या भागात, दफनाच्या नोंदींत, या दोन बाप्तिस्म्यांच्या मधल्या तारखेला, त्याच नावाचा मुलगा पुरला गेला होता.

मला वाटलं, झाली गुरुजींची चूक. नकला करणारा थकला की एक ओळ दोनदा उतरते, एकाचं गाव दुसऱ्याला लागतं, हे मी रोज पाहत होते. शिवाय माझ्याजवळ बिनतोड पुरावा होता. मामा समोर बसून भात खात होता. ज्याला कागदाने पुरलं तो जिवंत आहे, म्हणजे कागद चुकला. मी मामाला थट्टेने म्हटलंही, मामा, कागदावर तुम्ही मेलात. तो खूप हसला. कागदात मेलो त मेलो, म्हणाला, बाईनं वाढलेला भात त पोटात जाऊन राह्यला ना. आई पण हसली.

तरी गाव कुरखेड्याकडचं की धानोऱ्याकडचं, हा प्रश्न राहिलाच. वही एका ठिकाणी चुकली असेल तर आईच्या ओळीतही चुकलेली असू शकते. आईच्या डोळ्यांत एवढुसा उजेड उरलेला, आणि तिला मी भलत्याच गावाच्या तलावावर नेऊन उभी करायची, हे मला सहन होणारं नव्हतं. रुजवात घेणं भाग होतं.

पाळकांनी आणि मी ती पत्र्याची पेटी उघडली. वाळवीने वह्या शिवणीकडून खाल्ल्या होत्या. काही पानांचा भुगा झाला होता, काहींच्या कडा शाबूत होत्या. आम्ही सुटी पानं चर्चच्या बाकांवर पसरली. पाळक मूळ पान वाचायचे, मी वहीवरून बोट फिरवायची. जी पानं हाती लागली ती ओळीगणिक जुळत गेली. तारीख जुळली, वय जुळलं, गावं जुळली. जिथं मूळ वाचता येत नाही असं मी धरून चालले होते तिथंही ते नीट वाचता येत होतं. वाळवीने नंतर खाल्लं होतं, गुरुजींनी आधी उतरवलं होतं, इतकंच. मी मनात त्यांची माफी मागितली. आईचं पान सापडलं नाही. दफनाचं पान सापडलं, अख्खं. मुलगा, वय अंदाजे दोन, बापाचं नाव माझ्या आजोबांचं, गाव कुरखेड्याकडचं, ताप. शाई आजूबाजूच्या ओळींसारखीच, मागाहून घुसडलेली नाही.

आणि मग धानोऱ्याकडच्या मुलाच्या बाप्तिस्म्याचं पान. ओळ जशीच्या तशी होती. पण शेजारी समासात गोऱ्या पाद्र्याच्या तिरप्या अक्षरात एक शेरा होता. पाळकांनी तो एकदा मनात वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. शेऱ्याचा अर्थ असा होता, की हे नाव आधीच्या मयत मुलाच्या जागी दिलं आहे, आश्रयदाते तेच.

मला काही कळेना. पाळकांनी चर्चमधल्या जुन्या माणसांकडून ऐकलेलं होतं, त्यांनी समजावून सांगितलं. मिशनमधल्या एकेका पोरक्या मुलामागे समुद्रापलीकडचं एकेक कुटुंब असायचं. ते त्याच्या खाण्याकपड्याचा खर्च पाठवायचं, आणि त्याचं ख्रिस्ती नावही तेच ठरवायचं. मूल दगावलं तर त्या कुटुंबाला कळवायचं जिवावर यायचं, म्हणून पुढं येणाऱ्या साधारण त्याच वयाच्या मुलाला तेच नाव द्यायचे. तिकडच्यांना वाटायचं, आपलं मूल वाढतंय. यात लबाडी नसायची असं नाही, पण त्यामुळे दुसरं एखादं मूल जगायचं, असं पाळक हळू आवाजात म्हणाले.

म्हणजे वही खरी होती. मी मामाला पुरावा धरला होता, आणि खोट होती ती पुराव्यातच. हा विचार मनात आला आणि मला स्वतःचाच राग आला. मामा म्हणजे खोट? ज्याने मला खांद्यावर बसवून खाणीची गाडी दाखवली, माझ्या वडिलांच्या शवपेटीला ज्याने डोक्याकडून खांदा दिला, तो? मी पानं पुन्हा पेटीत ठेवली. पाळक काहीतरी बोलत होते, पण मला ते ऐकू येत नव्हतं.

आईपासून लपवायचं असं मी ठरवलं नव्हतं, आणि सांगायचं असंही नाही. तिनेच विचारलं. कोणतं गाव निघालं, म्हणाली. मी म्हटलं, कुरखेड्याकडचं. मंग धानोऱ्याकडचा कोन, म्हणाली. आंधळं होत चाललेलं माणूस आवाज फार बारकाईने ऐकतं. मी सांगून टाकलं, मुळात होतं तसं.

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली. मग म्हणाली, मिशनमध्ये आल्यावर तिला फार ताप आला होता. दवाखान्याच्या खोलीत तिला किती दिवस निजवून ठेवलं होतं कुणास ठाऊक, पाऊस आला आणि गेला. भावाला कुणी जवळ आणू देत नव्हतं. ती बरी होऊन बाहेर आली तेव्हा मडमबाईंनी एक मूल तिच्या मांडीवर ठेवलं आणि सांगितलं, हा घे तुझा भाऊ.

"जड लागला मले," आई म्हणाली. "आन् मले पाहून रडला. लय रडला. मले वाटलं, मले इसरला. मंग मी त्याले रोज घेऊन घेऊन माहा केला."

एवढं बोलून ती रडायला लागली. आईला मी वडिलांच्या मरणातही असं रडताना पाहिलं नव्हतं. ती कुणासाठी रडते आहे ते मला कळत होतं. जंगलातून कडेवर आणलेलं, शेजारच्याच खोलीत कुठंतरी मेलेलं आणि तिला न सांगता पुरलेलं ते पोर. साठपासष्ट वर्षं तिने त्याच्यासाठी एक टिपूस गाळलं नव्हतं, कारण ते गेल्याचंच तिला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तिला मिशनच्या दफनभूमीत नेलं. लेकरांच्या कोपऱ्यात घाणेरी माजली होती. दगड नव्हते, नावं नव्हती, नुसते उंचवटे होते. आई चपला काढून तिथं उभी राहिली. कोणता उंचवटा, ते मी तिला सांगू शकले नाही.

परत येताना रिक्षात ती म्हणाली, "त्याले सांगू नोको. त्याच्यापाशी दुसरं काय हाये?"

मी सांगितलं नाही. खोडरबर बाईला हे सोपं गेलं असं कुणी समजू नये. मामा आला की माझ्या जिभेवर ते यायचं, आणि मी उठून आत जायची.

हिवाळ्यात आम्ही तिघं गावाला गेलो. मामाची हौस विचारू नका. नवं धोतर, नवी टोपी, पिशवीत गावातल्या पोरांसाठी लिमलेटच्या गोळ्या. चंद्रपूरहून गडचिरोली, तिथून आरमोरी, कुरखेडा, आणि पुढं बैलगाडी. धान कापून झालं होतं, बांध्यांत नुसती खुंटं उभी होती. तलाव होता. आईला तो दिसला तेवढा दिसला, पाण्याचा चकाकता पट्टा. उंबर नव्हता. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एक म्हातारा ढिवर जाळं दुरुस्त करत बसला होता. मामाने त्याला बापाचं नाव सांगितलं, छाती पुढं काढून. म्हातारा आठवत आठवत म्हणाला की त्याच्या लहानपणी लोक त्या नावाच्या माणसाचं बोलायचे, घर तलावाच्या त्या अंगाला होतं, मानमोडीत सगळं घर बसलं. दोन पोरं मिशनवाल्यांनी नेली म्हणतात.

"आमीच ते," मामा म्हणाला.

धोतर वर धरून तो पाण्यात घोट्याएवढा उतरला. ओंजळीत पाणी घेतलं, तोंडाला लावलं आणि 'बा' असं म्हणाला. हळूच म्हणाला, पण पाण्यावरून आवाज येतो. आई पाळीवर बसली होती, माझा हात तिने घट्ट धरला होता. मी तिच्याकडे पाहिलं नाही. मामाने पाळीवरची मूठभर माती रुमालात बांधली, अर्धी आईला दिली, अर्धी स्वतःच्या खिशात ठेवली.

परतीच्या वाटेवर गडचिरोलीच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. आम्ही बाकावर बसून पेरू खात होतो. शेजारच्या फलाटाला धानोऱ्याची गाडी लागली, कंडक्टर ओरडायला लागला. आईने मान वर केली.

"बाबू," ती मामाला म्हणाली, "चाल ना, धानोऱ्यालेबी जाऊन येऊ. आलोच हाओत त."

मामाला नवल वाटलं. "तिथी आपलं कोन हाये बाई?"

आईने तोंड गाडीकडून वळवलं. मग म्हणाली, सहज म्हटलं, जंगल चांगलं हाये म्हणतात. मामा हसला, म्हणाला, तुले दिसून राह्यलं का जंगल, आणि पेरूची फोड तिच्या हातावर ठेवली. गाडी आमच्यासमोरून गेली. धानोऱ्याच्या पुढं कुठंतरी एक गाव होतं, कदाचित तिथंही एखादा म्हातारा कुणाच्या तरी पोराबद्दल लहानपणी ऐकलेलं सांगत बसला असेल. त्या गावाचं नाव वहीत होतं, ते मी पाठ केलं होतं. अजून पाठ आहे. मी तिथं कधी गेले नाही.

पुढच्या नाताळच्या आधी मामा गेला. माजरीच्या शेजाऱ्यांनी निरोप पाठवला तेव्हा संपलंच होतं, झोपेतच गेला म्हणाले. खोलीत ट्रंक होती, तिच्यात आईसाठी घेऊन ठेवलेली साडी होती, केशरी, आणि कोपऱ्यात मातीचा रुमाल. आम्ही त्याला चंद्रपूरला आणलं. आईने हट्ट धरला की कबर लेकरांच्या कोपऱ्याला लागून खणायची. लोकांना नवल वाटलं, एवढ्या म्हाताऱ्या माणसाला तिकडं का. आईने कुणाला काही सांगितलं नाही. माती ढकलली जात असताना ती केशरी साडी नेसून उभी होती, आणि तिला आता काहीच दिसत नव्हतं.

दफन झाल्यावर पाळकांनी नोंदवही आणली. ते म्हणाले, तुम्हीच भरा, तुमचं अक्षर चांगलं आहे. आई बाकावर टेकून बसली होती. मी नाव लिहिलं, वय लिहिलं, धंदा लिहिला. मग बापाचं नाव आणि जन्मगाव, या दोन रकान्यांशी येऊन थांबले. पाळकांना सगळं माहीत होतं. ते खिडकीबाहेर बघू लागले.

कपाट उघडंच होतं. का कुणास ठाऊक, मी उठून गुरुजींची वही काढली आणि धानोऱ्याकडच्या मुलाचं पान उघडलं. वरच्या ओळीखाली बारीक अक्षरात शेरा होता. खालच्या दोन ओळींखालीही होता. या ओळीखाली नव्हता. पण जागा होती. शेऱ्याच्या ओळींना गुरुजी जेवढी जास्तीची जागा ठेवत तेवढीच, मोजून ठेवलेली, आणि कोरी. पेटीतली पानं जुळवताना मी ओळी तपासल्या होत्या, कोरी जागा तपासायचं मला सुचलं नव्हतं. सगळ्या वहीत सगळ्यांचे शेरे उतरवणाऱ्या माणसाने हा एकच शेरा लिहायला घेतला होता आणि हात आवरला होता. आई आणि मामा, ती दोघं त्याच्या वर्गात एका बाकावर बसायची. लग्नात त्यानेच मामाला पुढं ढकललं होतं. आणि त्याच पानाच्या तळाशी त्याने अस्सल बरहुकूम लिहिलं होतं, नेहमीच्या देखण्या अक्षरात.

मला रडू आलं. गुरुजींसाठी आलं, मामासाठी आलं, आणि ज्या पोराला मी कधी पाहिलं नाही त्याच्यासाठीही आलं. मी वही मिटून जागेवर ठेवली.

"लिवलं का?" आईने विचारलं.

मी परत येऊन बसले. बापाच्या रकान्यात माझ्या आजोबांचं नाव लिहिलं आणि गावाच्या रकान्यात कुरखेड्यापलीकडचं ते गाव लिहिलं. पाळकांनी शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, इथं काही? मी म्हटलं, नाही. त्यांनी खाली सही केली.

आई म्हणाली, वाचून दाखव. मी सगळी ओळ वाचली, कचेरीत वाचते तशी, सावकाश. आई बोट हवेत फिरवत ऐकत होती. 

"बापाचं नाव पुन्ना वाच," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं.